दीड परस पाणी

तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसलेल्या गावच्या जावयाच्या हातातली गरी मोठी ऐटबाज होती. घडी घालून पिशवीत मावेल अशी काठी, तिला चकचकीत चकरी, आणि दोऱ्याच्या टोकाला खरा वाटावा असा रबरी मासा. गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात तो कामाला आहे आणि चार दिवस सासरवाडीला आलाय, ही माहिती मी पाचव्या मिनिटाला काढून घेतली होती. विचारल्याशिवाय मला राहवत नाही. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं म्हणून असा स्वभाव झाला, की असा स्वभाव म्हणून विज्ञान शिकवलं, हे मलाही सांगता येणार नाही.

"किती मिळाले?" मी विचारलं.

"सकाळपासून चार. दोन-दोन बोटाएवढे," तो ओशाळून म्हणाला. "मोबाईलवर तर पंधरा मिनिटांत हाताएवढा काढून दाखवतेत बाई. इथी मोठी मासोळी हाये का नाई, तेच समजून नाई राह्यलं."

"आहे ना. दीड परसावर."

"कोणाच्या परसात?"

मला हसू फुटलं. चाळीसएक वर्षांपूर्वी, याच पाळीवर, मीही हेच विचारलं होतं.

आज आम्ही निघालो होतो ब्रह्मपुरीला, लग्नाला. चंद्रपूरहून मूल, सिंदेवाही करत नागभीड ओलांडलं, तशी मागच्या सीटवर डोळे मिटून बसलेली माझी ऐंशी वर्षांची आई एकदम म्हणाली, "तलाव पाहू." गाडी वळवली. आम्ही राहायचो ते लाकूड डेपोचे क्वार्टर आता पडले आहेत, तिथे बेशरमाची झुडपं माजली आहेत. पण तलाव आहे. पाणी निम्म्यावर आलेलं, पलीकडच्या काठाला जलपर्णी, आणि जुन्या दगडी तुडुमाच्या जागी सिमेंटचं नवं दार. तुडूम म्हणजे तलावातलं पाणी धानाच्या बांध्यांकडे सोडायची मोरी. आमच्या वेळी त्यातून पाणी सुटलं की ढोल वाजवल्यासारखा आवाज यायचा, आणि तो आवाज क्वार्टरपर्यंत ऐकू यायचा. आईला मी मोहाच्या सावलीत दगडावर बसवलं. तिने पर्स मांडीवर घेतली आणि ती पाण्याकडे बघत राहिली.

बाबा वनखात्याच्या डेपोत मोजणीला होते. जंगलातून बैलबंड्यांनी आणि ट्रकने सागवान यायचं, त्याची लांबी आणि गोलाई मोजायची, आणि ओंडक्यावर हातोड्याने ठप्पा मारून घ्यायचा, हे त्यांचं काम. माझं सगळं लहानपण त्या ठप्प्यांच्या आवाजात आणि ओल्या सागवानाच्या वासात गेलं. तो वास किंचित कडवट असतो, कपड्यांतून जात नाही. बाबांच्या खिशात कायम मोजपट्टी. ते मूळचे वर्ध्याचे, अंगाने ताडमाड उंच. क्वार्टरच्या दारातून वाकून आत यायचे आणि तरी महिन्यातून एकदा तरी कपाळ आपटून घ्यायचे. दिसेल ते मोजायचे. आंब्याची कैरी, माझी वेणी, अंगणात आलेल्या सापाची कात. आई वैनगंगेपलीकडची, आरमोरीची. "याईले देवानं डोळे दिले, पन पट्टीशिवाय दिसत नाई," असं ती शेजारणींना सांगायची आणि तोंडाला पदर लावून हसायची.

मी सातवीत होते त्या हिवाळ्यात आई दवाखान्यात गेली, आणि आठ दिवसांनी रिकाम्या हातांनी परत आली. शेजारून आणून ठेवलेला पाळणा बाबांनी त्या आधीच परत नेऊन दिला होता. मला कोणी काही सांगितलं नाही, आणि माझ्यासारख्या चौकस मुलीने तेवढी एक गोष्ट कोणाला विचारली नाही.

आई कामं सगळी करायची. सडा, चूल, भांडी. पण बोलायची नाही आणि जेवायची नाही. दोन घास खाऊन ताट सरकवायची. ती हसायची थांबली याचं मला जितकं वाईट वाटलं, त्याहून जास्त भीती वाटली. बाबांचं तर विचारूच नका. डेपोतून आले की तिच्यासमोर स्टूल टाकून बसायचे. "काही तरी बोल ना. थोडं खाऊन घे. रडू नकोस बरं." ब्रह्मपुरीहून पेढे आणून झाले, नागभीडच्या डॉक्टरांचं टॉनिक आणून झालं. ती पाण्याचा हंडा उचलायला उठली की हे उठायचे, ती बसली की हे बसायचे. रविवारी तर दिवसभर हेच चालायचं.

कौतिकाबाई आमच्याकडे मासोळी घेऊन यायची. मासेमारांच्या ढिवर मोहल्ल्यातली, विधवा, आईच्याच वयाची, उंचीने एवढीशी. डोक्यावरची टोपली तिच्यापेक्षा मोठी वाटायची. एका शनिवारी ती मागच्या दाराने आली आणि आईपाशी बराच वेळ बसली. नंतर पुढच्या दारी येऊन बाबांना म्हणाली, "बाबू, बाईले मोठ्या रोहूचं डोस्कं खाऊ घाला. पन बजारातलं नाई चालत जी. आपल्या मानसानं आपल्या हातानं गरी टाकून धरलेलं पायजे. आमच्यात तशी रीत हाये."

बाबांनी आयुष्यात कधी गरी धरली नव्हती. वर्ध्याच्या त्यांच्या घरात मासा शिजत नसे. खायला शिकले तेच मुळी लग्नानंतर. पण त्यांनी एकच प्रश्न विचारला. "मोठा म्हणजे किती मोठा?"

कौतिकाबाईने स्वतःच्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत हात दाखवला. बाबांनी लगेच पट्टी काढून तो मोजला.

दुसऱ्या दिवसापासून आमचे रविवार तलावावर जायला लागले. बाबांनी रानातून बांबूची काठी तोडून आणली, बाजारातून तंगूस आणि गळ आणला. तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा. त्याला पाण्यावर तरंगायला मोरपिसाची काडी बांधायची, ती बुडाली की समजायचं, मासा लागला. मला सोबत घेतलं ते मी ऐकणारच नव्हते म्हणून. पहिल्या रविवारी आम्हाला काय मिळालं असेल? माझ्या करंगळीएवढ्या तीन मासोळ्या आणि एक खेकडा. मी खेकडा दप्तरात घालून शाळेत नेला, तो वेगळाच गोंधळ झाला.

कौतिकाबाई दुपारी पाळीवरून जायची तेव्हा थांबायची. आमची टोपली बघून पोट हलवून आवाज न करता हसायची. मग एखादी गोष्ट सांगायची. एका वेळी एकच. मी दहा प्रश्न विचारले तरी दुसरी गोष्ट पुढच्या रविवारीच मिळायची.

"सावली कुठी पडून राह्यली पाह्य तुमची. पान्यावर. मोठी मासोळी का बह्याड हाये?"

मासोळी खुळी नसते, म्हणून आम्ही ऊन समोर घेऊन बसायला लागलो. बाबांचं नाक भाजून लाल झालं. पुढच्या खेपेला तिने काठाजवळ गरी टाकण्यावरून आमची टर उडवली. काठाशी पोरंसोरं खेळतात, मोठे आपापल्या घरी असतात. आणि त्यांचं घर म्हणजे तुडुमाच्या उजवीकडे बुडालेलं येनाचं, म्हणजे ऐनाचं, खोड. तलाव बांधला तेव्हा ते झाड पाण्याखाली गेलं म्हणे. ती मला पाळीच्या एका ठराविक दगडावर उभी करायची आणि समोरच्या काठावरचं ताडाचं झाड दाखवायची. दगड, ताड आणि मध्ये खोड. मी पाण्यात टक लावून बघायची, पण हिरव्या अंधाराशिवाय काही दिसायचं नाही. तरी खाली एक आख्खं झाड उभं आहे, त्याच्या फांद्यांत पाखरांऐवजी मासे बसतात, हे मला इतकं आवडलं की मी वर्गात सगळ्यांना सांगत सुटले.

चैत्र जवळ आला तसा मोह गळायला लागला. पहाटे आम्ही तलावाकडे जायचो तेव्हा बायका झाडांखालचा पाचोळा झाडून जाळत असायच्या, आणि त्या धुरात मोहाचा गोड, डोक्यात जाणारा वास मिसळलेला असायचा. कौतिकाबाईने शिकवलं ते असं, की कणीक आणि भाजलेला कोंडा यात दोन मोहफुलं कुस्करायची आणि त्याची बोराएवढी गोळी गळाला लावायची. बाबा ती गोळीसुद्धा मोजून वळायचे. लहान मासे येऊन टोचायला लागले की गरी वितभर उचलायची. लागला तर हिसका द्यायचा नाही, "पावन्याले हात धरून उठवतेत तसं उठवा." रोहूचं तोंड नरम असतं, हिसक्याने फाटतं. हे सगळं आम्ही अगदी तंतोतंत केलं. मासे मिळायला लागले, पण बोटभर, फार तर वीतभर. आणि घरी आई ते निमूट साफ करायची, बाबांना आणि मला वाढायची, स्वतः वरणभाताचे दोन घास खायची. कारण रीत मोठ्या मासोळीची होती.

संध्याकाळी परत येताना बाबा पाळीवर थबकून क्वार्टरकडे बघायचे. आमच्या धुराड्यातून धूर दिसला की भरभर चालायला लागायचे. त्या वेळी मला वाटायचं, आपण मोठा मासा आणला नाही तर आई कायमची अशीच राहील. ते मला कोणी म्हटलं नव्हतं, पण माझी खात्री होती.

खोली किती ठेवायची, ते कौतिकाबाईने पाचव्या का सहाव्या रविवारी सांगितलं. "दीड परस."

"कोणाच्या परसात?" मी विचारलं. आमच्या क्वार्टरमागे परस होतं, त्यात वांगी होती. तलावाचं पाणी दीड परसात कसं मावणार, याचा मी खरोखर विचार करत होते.

ती इतकी हसली की पाळीवर बसलीच. "बापा! हे पोर्गी! परस म्हंजे मानूस. हात वर करून उभा मानूस. हिरीचं पानी मोजतेत ना."

बाबांना ते लगेच कळलं. ते ताठ उभे राहिले, हात आभाळाकडे केला, आणि मला दगडावर चढवून टाचेपासून बोटापर्यंत पट्टी लावायला लावली. मग त्याची दीडपट करून, तेवढा तंगूस सोडून, मोरपिसाची काडी बांधली. कौतिकाबाई हे सगळं बघत होती. मग टोपली उचलून गेली.

त्या रविवारी काही लागलं नाही. त्याच्या पुढच्याही रविवारी नाही. आता तर बोटभर मासेसुद्धा येईनात. बाबा हिरमुसले. "जागा चुकली असेल," म्हणत दगडावरून ताडाकडे पुन्हा पुन्हा बघायचे.

तो शेवटचा रविवार मला अजून लख्ख आठवतो. ऊन चढलेलं, पाणी स्तब्ध, खंड्या तुडुमावर बसलेला. कौतिकाबाई आंघोळ करून आली आणि ओलं लुगडं वाळत घालायला मोहाच्या फांदीकडे हात उंच करून उभी राहिली. फांदी काही फार वर नव्हती. बाबांचा हात सहज पुरला असता. हिची बोटं वीतभर खालीच. मी बघत राहिले आणि माझ्या डोक्यात एकदम काहीतरी सुटलं.

"बाबा, परस कोणाचं?"

"माणसाचं."

"कोणत्या माणसाचं? सांगणाऱ्याचं की ऐकणाऱ्याचं?"

बाबांनी काठी खाली ठेवली. आयुष्यभर लोखंडी पट्टीने मोजत आलेल्या माणसाला मोजमापालाही मालक असतो हे सुचलं नव्हतं. मी कौतिकाबाईजवळ जाऊन म्हटलं, "हात वर करून उभ्या राहा ना." ती काही न विचारता उभी राहिली. आम्ही तिला मोजलं. दीडपट केल्यावर आमच्या दोऱ्यात आणि तिच्या दोऱ्यात चांगलं दोन-अडीच फुटांचं अंतर निघालं. इतके दिवस आमची गोळी माशांच्या पोटाखाली लोंबकळत होती.

"मोठी मासोळी वर पाह्यते, खाली नाई पाह्यत," कौतिकाबाई म्हणाली. "तिच्या डोक्यावर घास ठेवा लागते."

काडी पुन्हा बांधली. गरी टाकली. अर्धा तासही झाला नसेल. काडी बुडाली नाही, आडवी झाली आणि हळूच चालायला लागली. बाबांनी काठी धरली. पाहुण्याचा हात धरतात तशीच. बांबू वाकला. मी ओरडणार होते, पण माझ्या तोंडावर कौतिकाबाईचा हात होता. त्या हाताला मासोळीचा आणि साबणाचा वास येत होता. बऱ्याच वेळाने पाण्यात तांबूस-रुपेरी कूस दिसली, पुन्हा बुडाली, पुन्हा दिसली. रोहू काठावर आला तेव्हा बाबा गुडघाभर चिखलात उभे होते आणि त्यांना पट्टी काढायचं भान नव्हतं.

रस्सा बाबांनी केला. जवसाच्या तेलात भाजलेला कांदा, कच्च्या आंब्याच्या फोडी. डोस्कं आईच्या ताटात वाढलं आणि आम्ही दोघं समोर बसून राहिलो, परीक्षेचा निकाल लागायचा असावा तसे. आईने भात कालवला. एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसऱ्यानंतर मान वर करून बाबांना म्हणाली, "मीठ काऊन कमी टाकलं जी?"

ती सगळा भात जेवली. माझ्या ताटातले काटे काढून दिले. बाबा हात धुवायला म्हणून मोरीवर गेले ते बराच वेळ आले नाहीत. मला एवढा आनंद झाला होता की मी रात्री अंथरुणात हात वर करून स्वतःचं परस किती भरेल याचा अंदाज घेत बसले.

पुढे मी मोठी झाले, शिकले, नोकरीला लागले. बाबा गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पण ती रीत माझ्या डोक्यातून गेली नाही. आपल्या माणसाने आपल्या हाताने धरलेली मोठी मासोळी दुखावलेल्या बाईला द्यायची, अशी रीत कुठून आली असेल? मूल, सिंदेवाही, आरमोरी, जिथे म्हणून ढिवर मोहल्ले माहीत होते तिथल्या म्हाताऱ्यांना विचारलं. माझ्या विद्यार्थ्यांच्या आज्यांना विचारलं. एका म्हाताऱ्याने तर मला उडवूनच लावलं. "बाई, आमी मासोळ्या धरतो, खातो न इकतो. रीत कायची?" कौतिकाबाईला विचारायचं राहून गेलं, आणि मग ती राहिली नाही.

हे सगळं मी त्या जावयाला पाळीवर उभ्याउभ्या सांगितलं. परसाचा भाग ऐकून तो बिचारा दोऱ्याची लांबी बदलायला लागला, पण रबरी मासा वर ठेवायचा की खाली, यात अडकला. मी आईजवळ जाऊन बसले.

"काय सांगून राह्यली होती त्या पोराले?" आईने विचारलं.

"आपला रोहू. आणि ती रीत. आई, खरंच, तुमच्या आरमोरीकडे तरी होती का ग अशी रीत?"

आई पर्सच्या चेनशी खेळत राहिली. मग म्हणाली, "नव्हती. मी लावली."

"म्हणजे?"

"मीच कौतिकाले म्हटलं, याईले कुठी तरी पाठव. रविवार आला का माह्यासमोर बसून रायत. रडू नको, रडू नको. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मले रडाले जागा नव्हती ना घरात. तू बी असायची." तिने पर्सची चेन लावली. "कौतिका म्हने, कितीक दिवस पाठवू? मी म्हटलं, मी सांगतो तवापर्यंत मोठी मासोळी नको भेटू देजो."

मला आधी रागच आला. चाळीस वर्षं मी तो शोध छातीवर बिल्ल्यासारखा मिरवला होता. वर्गावर्गात सांगितला होता, मुलांना निरीक्षण शिकवताना.

"म्हणजे परस... तिला माहीत होतं आम्ही चुकतोय?"

"तुमाले रोहू भेटला ना, त्याच्या आदल्या शनिवारी मी तिले म्हटलं, आता होऊ दे."

"आणि बाबांना? त्यांना कधी सांगितलंस?"

"काऊन सांगू? त्याईले वाटे, आपनच हिले बरं केलं." आई हसली, पण पदर तोंडाला गेला नाही. "केलंच ना. इतके रविवार घराबाहेर राह्यले."

वारा सुटला होता. जावयाने पुन्हा गरी फेकली, चकरीचा किर्र आवाज झाला. मला आई पाळण्याच्या रिकाम्या जागेपाशी बसलेली दिसायला लागली, दार लावून, मोकळी, आम्ही सावलीचा आणि गोळीचा हिशेब करत असताना. तिच्यासाठी बरं वाटलं आणि फार वाईट वाटलं. मी तिचा हात धरला. तो हलका झाला आहे आता.

"एक विचारू?" आई म्हणाली. आमच्या घरात विचारायचं काम माझं. तिने असं विचारलेलं मला आठवत नाही.

"विचार ना."

"तुझे बाबा घरी कदीच नाई रडले. ते लेकरू त्याईचं बी होतं." तिने पाण्यावरून नजर काढली नाही. "इथी रडत होते का ग ते?"

मी आठवून पाहिलं. उन्हाने लाल झालेलं नाक आठवलं. मोजपट्टी आठवली, चिखलातले पाय आठवले. दोन महिने रविवारमागून रविवार मी त्यांच्या हातभर अंतरावर बसले होते, आणि सगळा वेळ मी पाण्याकडे बघत होते.